डेबियन १२ चं १३ करताना नेटवर्क कार्डाचं नाव बदललं, तर काय करायचं?

सर्व्हर अपग्रेड झाला, शेवटी रीबूट दिलं, आणि त्यानंतर पिंगला उत्तरच येत नाही. मशीन चालू आहे, स्विचवरचा दिवा लुकलुकतोय, केबल जागच्या जागी आहे, तरी एसएसएच काही लागत नाही. नव्या माणसाचा पहिला संशय कार्डावर जातो, दुसरा केबलवर आणि तिसरा इंटरनेटवाल्यावर. बहुतेकदा दोष यातल्या कुणाचाच नसतो. कार्ड तेच असतं, पण मशीन आता त्याला वेगळ्या नावाने ओळखतं. कॉन्फिग फाइलीत मात्र जुनंच नाव असतं, आणि टपाल जुन्या पत्त्यावर जात राहतं.

एखाद्या छोट्या ऑफिसातला, शाळेतला, दवाखान्यातला किंवा घरातला लिनक्स सर्व्हर ज्यांच्या गळ्यात पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण घेतलंय डेबियन १२ वरून १३ वर जाण्याचं, कारण सध्या बरेच जण त्याच वाटेवर आहेत आणि या टप्प्यावर नाव बदलण्याची कारणं नेमकी माहीत आहेत. ठासून सांगायचं ते एकच: रीबूटनंतर नवं नाव शोधत धावण्यापेक्षा अपग्रेडच्या आधीच कार्डाला आपण स्वतः नाव द्या. पायरी ४ त्यासाठीच आहे. घाई असेल तर बाकी वरवर चाळा, पण ती पायरी सोडू नका.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मशीनचा कन्सोल: समोर कीबोर्ड-मॉनिटर, किंवा आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ (मशीनचा पडदा लांबून दाखवणाऱ्या सोयी) यांपैकी काहीतरी. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टवरचा कन्सोल. क्लाउडवर असेल तर सीरियल कन्सोल, आणि तो खरंच उघडतो ना हे आधी पाहून ठेवलेलं.
- रूटचा पासवर्ड. एसएसएच की कन्सोलवर कामाला येत नाही.
- /ईटीसी फोल्डरची पूर्ण प्रत, दुसऱ्या मशीनवर.
- आयपी, नेटमास्क, गेटवे आणि डीएनएस यांची नोंद, कागदावर किंवा फोनमध्ये.
- ‘ईथटूल’ आणि ‘पीसीआययूटिल्स’ ही पॅकेजेस आधीच टाकलेली. नेटवर्क गेल्यावर ती उतरवता येत नाहीत.

कन्सोल नसेल तर अपग्रेड पुढे ढकला. ‘नेहमी नीट होतं, आजही होईल’ या भरवशावर लांबच्या गावातल्या मशीनला रीबूट देऊ नका. तिथे कुणी जाणतं माणूस समोर बसलेलं असेल तर तेही चालेल, पण फोनवर अक्षरं सांगताना काय घोळ होतो ते पायरी १ मध्ये वाचून ठेवा.

१. नाव कसं बनतं ते समजून घ्या

पूर्वी नावं सरळ असायची: ईटीएच०, ईटीएच१. ज्या क्रमाने कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कार्डं सापडतील तो क्रमांक. कार्ड एकच असेल तर ठीक, पण दोन असली की आज जे ० ते उद्या १ होऊ शकायचं. २०१३ साली सिस्टमडीच्या (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली. तीत नाव कार्डाच्या जागेवरून ठरतं. डेबियनने नव्या इन्स्टॉलेशनसाठी ही पद्धत ९ व्या आवृत्तीपासून घेतली.

या नावांची फोड अशी. सुरुवातीचं ‘ईएन’ म्हणजे ईथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफाय. पुढे ‘ओ’ आला तर कार्ड मदरबोर्डवरचं, ‘एस’ आला तर स्लॉटमधलं, ‘पी’ आला तर पीसीआय बसचा क्रमांक, ‘एक्स’ आला तर पूर्ण मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता). म्हणजे ईएनपी३एस० हे तिसऱ्या बसवरचं, शून्याव्या जागेवरचं कार्ड.

फोनवरचा घोळ इथेच होतो. ईएनओ१ मधलं तिसरं अक्षर इंग्रजी ‘ओ’ आहे, शून्य नाही. ईएनपी३एस० मधलं शेवटचं मात्र शून्य आहे, ‘ओ’ नाही. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, आणि समोरचा माणूस दोन्हीला ‘ओ’च म्हणतो. ‘ईएन’च्या लगेच पुढे नेहमी अक्षरच येतं, एवढं त्याला आधी सांगून ठेवा.

नाव जागेवरून ठरतं, म्हणून जागा बदलली किंवा जागा वाचण्याची पद्धत बदलली की नावही बदलतं. नवं एनव्हीएमई किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की पीसीआय बसचे क्रमांक सरकू शकतात. बायोस अपडेटनंतरही असं होतं. डेबियन १३ मध्ये याशिवाय दोन ठरावीक कारणं आहेत:

पहिलं कारण ड्रायव्हरचं. इंटेलच्या काही सर्व्हर कार्डांना लागणारा ‘आय४०ई’ हा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये पोर्टचं नावही कळवू लागला. त्यामुळे जुन्या नावामागे ‘एनपी०’, ‘एनपी१’ अशी शेपटी लागते.

दुसरं कारण सिस्टमडीचं. डेबियन १२ मध्ये आवृत्ती २५२ होती, १३ मध्ये २५७ आहे. मदरबोर्डचं फर्मवेअर स्लॉटचा क्रमांक एसीपीआयच्या (फर्मवेअरने सिस्टमला हार्डवेअरची माहिती देण्याची पद्धत) ‘_एसयूएन’ या नोंदीतून देत असेल, तर २५२ ती सोडून देत असे, २५७ ती वाचतं. अशा मशीनवर ‘पी’वालं नाव जाऊन ‘एस’वालं येऊ शकतं.

२. आजची स्थिती लिहून ठेवा

‘आयपी -बीआर लिंक’ ही कमांड द्या. प्रत्येक कार्डाचं नाव, स्थिती आणि मॅक ॲड्रेस एकेका ओळीत दिसेल. मग ‘आयपी -बीआर ॲड्रेस’ आणि ‘आयपी रूट’. तिन्हींचा फोटो फोनमध्ये काढा. सर्व्हरवरच्याच फाइलीत साठवून उपयोग नाही, ती वाचायला नेटवर्क लागतं.

दोन कार्डं असतील तर कुठलं नाव कुठल्या भोकाचं हे नक्की करा. ‘ईथटूल -पी ईएनपी३एस० १०’ दिलं, यातला ‘पी’ छोटा, की त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो. सगळ्या कार्डांना ही सोय नसते. नसेल तर एक केबल क्षणभर काढा आणि ‘आयपी -बीआर लिंक’मध्ये कुणापुढे ‘नो-कॅरिअर’ येतं ते पाहा. कळलं की पोर्टजवळ चिकटपट्टी लावून मॅक ॲड्रेसची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवा. पुढे कधीतरी दुसरंच कुणीतरी या मशीनपुढे उभं असेल, तेव्हा ती पट्टी कामाला येते.

३. जुनं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे ते शोधा

कार्डाचं नाव फक्त /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत असतं असं समजू नका. रूट म्हणून ‘ग्रेप -आरडब्ल्यू ईएनपी३एस० /ईटीसी’ द्या, मग तीच कमांड /रूट, /यूएसआर/लोकल आणि /व्हार/स्पूल/क्रॉन यांवर चालवा. साधारणपणे सापडतं ते असं:

- इंटरफेसेस फाइलीतल्या ‘ऑटो’, ‘अलाउ-हॉटप्लग’, ‘आयफेस’ या ओळी आणि ब्रिज असेल तर ‘ब्रिज_पोर्ट्स’
- व्हीलॅनची (एकाच केबलवर चालणारी वेगवेगळी नेटवर्कं) नावं, उदाहरणार्थ ईएनपी३एस०.२०
- एनएफटेबल्स किंवा आयपीटेबल्स या फायरवॉलचे नियम
- डीएनएसमास्क किंवा डीएचसीपी सर्व्हरची फाइल
- कीपअलाइव्हडी, देखरेखीचे एजंट, बँडविड्थ मोजणाऱ्या स्क्रिप्ट
- डॉकरचं मॅकव्हीलॅन नेटवर्क (याची नोंद /ईटीसीत नसते, म्हणून ग्रेपला सापडत नाही)

यातल्या ‘अलाउ-हॉटप्लग’कडे जरा लक्ष द्या. डेबियनचा इन्स्टॉलर सहसा हीच ओळ लिहितो. तिचा अर्थ ‘हे कार्ड दिसलं की चालू कर’. त्या नावाचं कार्ड कधी दिसलंच नाही तर काहीच घडत नाही. लाल अक्षरांतली चूक नाही, बूट अडकणं नाही. ‘ऑटो’ असेल तर निदान ‘नेटवर्किंग’ सेवा अयशस्वी झाल्याचं दिसतं. नवी माणसं लॉगमध्ये चूक शोधत तासन्‌तास घालवतात, कारण चूक म्हणून काही नोंदलेलंच नसतं.

४. कार्डाला आपलं नाव द्या, आणि ते डेबियन १२ वर असतानाच

नाव असं निवडा की कार्डाचं काम कळेल: बाहेरच्या बाजूला ‘वॅन०’, आतल्या बाजूला ‘लॅन०’. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं, त्यात टिंब नको. ‘ईटीएच०’ मात्र देऊ नका. कर्नल बूट होताना स्वतः तीच नावं वाटत असतो, त्याच्याशी टक्कर झाली की नाव कधी लागतं, कधी लागत नाही.

प्रत्येक कार्डाचा मूळ मॅक ॲड्रेस ‘ईथटूल -पी ईएनपी३एस०’ने काढा. इथला ‘पी’ कॅपिटल. मघाचा छोटा ‘पी’ दिवा लुकलुकवतो, हा कॅपिटल ‘पी’ पत्ता दाखवतो.

आता /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क या फोल्डरात ‘१०-वॅन०.लिंक’ नावाची फाइल करा. तिच्यात चार ओळी:

[मॅच]
पर्मनंटमॅकॲड्रेस=तुमच्या कार्डाचा पत्ता
[लिंक]
नेम=वॅन०

‘मॅच’, ‘लिंक’ आणि ‘नेम’ यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. ‘पर्मनंटमॅकॲड्रेस’ हा सलग एक शब्द, त्यातला पर्मनंटचा ‘पी’, मॅकची तिन्ही अक्षरं आणि ॲड्रेसचा ‘ए’ कॅपिटल. ‘वॅन०’ छोट्या अक्षरांत.

काही व्हर्च्युअल कार्डं मूळ पत्ता सांगत नाहीत, ईथटूल नुसती शून्यं दाखवतं. तिथे ‘मॅकॲड्रेस=’ वापरा, पण त्याखाली ‘टाइप=ईथर’ ही ओळ न चुकता घाला. कारण व्हीलॅन आणि ब्रिज आपल्या कार्डाचाच मॅक उचलतात. ‘टाइप’ नसेल तर तेही या नियमात बसतात आणि सिस्टमडी त्यांनाही ‘वॅन०’ करायला जातं.

फाइलीच्या नावातलं १० महत्त्वाचं आहे. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि जी पहिली जुळते तीच लागू होते. सिस्टमडीची स्वतःची फाइल ९९ ने सुरू होते, म्हणून आपली तिच्या आधी यायला हवी.

दुसऱ्या कार्डासाठी अशीच वेगळी फाइल करा. मग पायरी ३ मध्ये सापडलेल्या सगळ्या ठिकाणी जुन्या नावाच्या जागी नवं नाव घाला. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ द्या. हे विसरू नका: या लिंक फाइलींची एक प्रत बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये जाते, आणि ती जुनी राहिली तर नाव तिथेच ठरून बसतं.

आता कन्सोल उघडा ठेवून रीबूट करा, अजून डेबियन १२ वरच. नाव बसलं, पिंग आला, सगळ्या सेवा उठल्या, की दोन-चार दिवस तसंच चालू द्या. या टप्प्यावर काही अडलं तर कारण एकच असू शकतं, कारण तुम्ही एकच गोष्ट बदलली आहे. अपग्रेडच्या रात्री हेच केलं तर शेकडो पॅकेजांच्या गर्दीत तेच कारण शोधावं लागतं.

व्हर्च्युअल मशीनची प्रत काढत असाल तर एक ध्यानात ठेवा. प्रतीला नवा मॅक मिळतो, त्यामुळे तिथे लिंक फाइल जुळत नाही. प्रत काढल्यावर फाइलीतला पत्ता बदला.

५. अपग्रेड झाला, पण रीबूटआधी थांबा

पॅकेजं बदलून झाली की नवं सिस्टमडी मशीनवर आलेलं असतं. याच क्षणी विचारून घ्या: ‘यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक /सिस/क्लास/नेट/वॅन०’. उत्तरात ‘आयडी_नेट_नेम’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे ‘वॅन०’ असेल तर लिंक फाइल नव्या आवृत्तीतही लागू होते आहे.

ज्यांनी पायरी ४ केलेली नाही त्यांनीही आपल्या चालू नावावर हीच कमांड चालवावी. उत्तरात वेगळं नाव आलं तर रीबूटनंतर तेच लागणार. पण इथे फक्त सिस्टमडीचा बदल दिसतो, ड्रायव्हरचा नाही, कारण अजून जुनाच कर्नल चालू असतो. ‘ईथटूल -आय’ने ड्रायव्हर पाहा. ‘आय४०ई’ निघाला तर उत्तर काहीही येवो, शेपटी लागणार असं धरूनच चला.

‘ऑटोरिमूव्ह’ मात्र आत्ता देऊ नका. त्याने जुना कर्नल जाऊ शकतो, आणि नेटवर्क पक्कं होईपर्यंत ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडायच्या) मेनूत तो असलेला बरा.

६. रीबूट झाला आणि नेटवर्क गेलं

कन्सोलवर लॉगिन करा आणि पहिल्यांदा ‘आयपी -बीआर लिंक’.

कार्ड वेगळ्या नावाने दिसतंय? मग मॅक ॲड्रेस फोटोशी ताडून पाहा. ‘जर्नलसीटीएल -बी’च्या लॉगमध्ये ‘रीनेम्ड फ्रॉम’ शोधलंत तर कुठल्या नावाचं काय झालं तेही सापडेल. तात्पुरतं नेटवर्क उभं करायला तीन कमांड पुरतात, पत्ते अर्थातच तुमचे घाला:

‘आयपी लिंक सेट ईएनपी४एस० अप’
‘आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१.१०/२४ डेव्ह ईएनपी४एस०’
‘आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’

एसएसएच लागलं की निवांत बसून पायरी ३ आणि ४ करा. या तीन कमांडींनी दिलेलं पुढच्या रीबूटला पुसलं जातं, म्हणून ‘चाललं एकदाचं’ म्हणून उठू नका.

कार्ड यादीत दिसतच नसेल तर हा नावाचा प्रश्न नाही, आणि लिंक फाइली लिहून काही होणार नाही. ‘एलएसपीसीआय -के’ द्या. कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर राहिलंय. डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेली. जे मशीन ११ पासून अपग्रेड होत आलंय त्याच्या सोर्सेस यादीत हा शब्द नसण्याची बरीच शक्यता असते.

नेटवर्क लागलं, पण गेटवे म्हणून चालणारं मशीन आतल्या लोकांना इंटरनेट देत नाही? इथे नावाला दोष देत बसू नका. डेबियन १३ मध्ये /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ ही फाइल वाचली जात नाही. तिच्यात ‘आयपी_फॉरवर्ड’ची ओळ असेल तर ती उचलून /ईटीसी/सिससीटीएल.डी मधल्या, ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीत ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच रीबूटला समोर येतात, म्हणून माणूस गोंधळतो.

७. फायरवॉल पुन्हा तपासा

पिंग परत आला की काम झालं असं वाटतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मला सगळ्यात जास्त काळजी याच पायरीची वाटते. नेटवर्क बंद पडलं तर दहा जणांचे फोन येतात. फायरवॉल उघडी पडली तर कुणाचाच येत नाही.

एनएफटेबल्समध्ये कार्डाचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात. ‘आयआयएफ’ वापरलं असेल तर नियम चढवतानाच ते कार्ड मशीनवर हजर लागतं. जुनं नाव सापडलं नाही की फाइलीत चूक निघते, आणि फाइल सगळी चढते किंवा काहीच चढत नाही, म्हणून त्या एका ओळीपायी तुमचे सगळेच नियम बाहेर राहतात. मशीन उघड्यावर. ‘आयआयएफनेम’ वापरलं असेल तर फाइल बिनतक्रार चढते, पण जुन्या नावाचा नियम कुणालाच लागू होत नाही. तो नियम अडवणारा होता की सोडणारा, यावर काय बिघडेल ते ठरतं. आयपीटेबल्सचंही असंच, तेही नाव खरं आहे का ते विचारत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. फाइल बदलली की ‘एनएफटी -सी -एफ /ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फ’ देऊन नुसती तपासा. ‘सी’मुळे नियम चढत नाहीत, फक्त चुका दिसतात. रीबूटनंतर ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ द्या. पडदा रिकामा आला तर नियम नाहीतच. नियम दिसले तर त्यातलं प्रत्येक नाव ‘आयपी -बीआर लिंक’मधल्या नावांशी जुळवा. शेवटी फोन मोबाइल डेटावर टाकून बाहेरून एखादं बंद असायला हवं असं पोर्ट उघडून पाहा.

दोन कार्डांच्या मशीनवर नावांची अदलाबदल झाली तर आतले सैल नियम बाहेरच्या बाजूला लागतात. तिथे सगळं चालू दिसतं, म्हणून हे पकडायला बाहेरून तपासण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

८. इतर मशीनवाल्यांसाठी

उबुंटूवर नावं /ईटीसी/नेटप्लॅन मधल्या यॅमल फाइलींत असतात. तिथे ‘मॅच’खाली मॅक ॲड्रेस आणि ‘सेट-नेम’ देऊन हेच साधतं. रेड हॅट, रॉकी आणि अल्मा यांच्या नव्या आवृत्त्यांत /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स पाहा (‘नेटवर्कमॅनेजर’ मधले ‘एन’ आणि ‘एम’ कॅपिटल). लिंक फाइल तिथेही चालते, फक्त इनिटरॅमएफएससाठी ‘ड्रॅकट -एफ’ द्यायचं.

‘नेट.आयएफनेम्स=०’ हा बूट पर्याय सगळीकडे सुचवला जातो. त्याने ईटीएच० परत येतं, आणि एकच कार्ड असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर त्याने फारसं बिघडत नाही. दोन कार्डांच्या मशीनवर मात्र तो घेऊ नका, कारण क्रम बदलण्याचा जुना धोका त्याच्यासोबत परत येतो. फक्त सिस्टमडीच्या बदलामुळे अडलं असेल तर त्यापेक्षा ग्रबमध्ये ‘नेट.नेमिंग-स्कीम=व्ही२५२’ लिहून ‘अपडेट-ग्रब’ द्या. डेबियन १२ ची नावं त्याने परत मिळतात, पण ड्रायव्हरने लावलेली ‘एनपी०’ची शेपटी जात नाही. तिच्यासाठी लिंक फाइलच लिहावी लागते.